घरची शाळा : एक क्रियापद, पांच नातीं

एका भगिनींनीं आम्हांस पत्रानें असें विचारिलें आहे कीं, "माझा मुलगा सातवींत आहे. त्याच्या इंग्रजी व्याकरणाच्या वहींत क्रियापदांचे बारा प्रकार लिहून दिले आहेत. ते त्यास तोंडपाठ आहेत. परंतु 'रन' हें क्रियापद कोणत्या प्रकारचें, असें विचारिलें म्हणजे तो कधीं सकर्मक म्हणतो, कधीं अकर्मक म्हणतो, आणि शेवटीं रडकुंडीस येतो. घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, आतां पाठ करूं द्या, पुढें आपोआप कळेल. आपलें मत काय?"

प्रश्न एका घरचा असला तरी तो घरोघरचा आहे. म्हणून खासगी उत्तर न पाठवितां तो या सदरांतच घेत आहों.

पाठांतराची हेटाळणी करणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. ज्यानें लहानपणीं रूपावली म्हटली त्याच्या जिभेवर भाषा बसते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु रूपें पाठ करणें निराळें आणि प्रकारांचीं नांवें पाठ करणें निराळें. रूप हा भाषेचा माल आहे. नांव ही मालावरची चिठ्ठी आहे. नुसत्या चिठ्ठ्या गोळा करणाऱ्याच्या कोठारांत धान्याचा एक कणही पडत नाहीं. आणि यांत खरी हानि गुणांची नव्हे. जें पाठ आहे तेंच समजत नाहीं, असा अनुभव वारंवार आला म्हणजे मूल 'आपल्याला व्याकरण येणारच नाहीं' असें स्वतःविषयीं ठरवून टाकतें, आणि अकराव्या वर्षीं ठरविलेली ही गोष्ट पुढें चाळीस वर्षें पुसत नाहीं. म्हणून 'पुढें आपोआप कळेल' या भरंवशावर राहणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

घोटाळ्याचें मूळ कोठें आहे तें पाहूं. वहींतील बारा नांवें म्हणजे बारा डबे आहेत, आणि प्रत्येक क्रियापद त्यांपैकीं कोणत्या तरी एकाच डब्यांत घालावयाचें आहे, अशी मुलाची समजूत झालेली असते. एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलाची ही समजूत दूर करणें अगदीं सोपें आहे. त्यास विचारावें, "आपला काका कोण?" तो आजोबांचा मुलगा आहे, बाबांचा धाकटा भाऊ आहे, काकूचा नवरा आहे आणि चुलतभावाचा बाप आहे. तो 'मुलगा' कीं 'भाऊ', असें आपण विचारीत नाहीं. कोणाशीं असलेलें नातें पाहावयाचें, यावर उत्तर अवलंबून असतें. क्रियापदाचेंही असेंच आहे. त्याचीं वाक्यांत पांच नातीं असतात : कर्माशीं, सोबत्याशीं, पूर्वजांशीं, कर्त्याशीं आणि काळाशीं. वहींतील बारा नांवें हीं या पांच नात्यांचींच नांवें आहेत. तीं क्रमानें पाहूं.

पहिलें नातें कर्माशीं. आपल्या वैयाकरणांनीं या विषयाचा जो विचार केला आहे तो इतका स्वच्छ आहे कीं, तो इंग्रजीसही सुखानें लावतां येतो. प्रत्येक धातूच्या अर्थांत दोन अंश असतात : एक व्यापार, म्हणजे चाललेली खटपट, दुसरें फल, म्हणजे त्या खटपटीनें जें घडतें तें. आई भात शिजविते, तेव्हां खटपट आईच्या ठिकाणीं असते आणि शिजण्याचें फल तांदुळाच्या ठिकाणीं असतें. दोन आश्रय निराळे, म्हणून धातु सकर्मक. बाळ झोपतें, तेव्हां झोपण्याचा व्यापारही बाळाचा आणि विश्रांतीचें फलही बाळाचेंच. दोन्हींचा आश्रय एक, म्हणून धातु अकर्मक. इंग्रजींत पहिल्यास ट्रान्झिटिव्ह व दुसऱ्यास इन्ट्रान्झिटिव्ह म्हणतात. 'शी कुक्स राइस' हें पहिल्याचें उदाहरण, 'द बेबी स्लीप्स' हें दुसऱ्याचें.

येथें मराठी मुलाजवळ एक ठेवा आहे, जो इंग्रज मुलाजवळ नाहीं. आपल्या भाषेंत भूतकाळीं सकर्मक धातु आला म्हणजे कर्त्यास 'नें' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागून चालतें : 'त्यानें आंबा खाल्ला', 'त्यानें पोळी खाल्ली', 'त्यानें केळें खाल्लें'. अकर्मकास हें लागू नाहीं : 'तो झोपला', 'ती झोपली'. चार वर्षांचें मूल हें सर्व कोणी न शिकवितां बरोबर बोलतें. सकर्मक म्हणजे काय हें त्यास ठाऊकच असतें. नांव तेवढें ठाऊक नसतें. 'मी धडा शिकलों', 'मी त्यास भेटलों' यांसारखे थोडे अपवाद आहेत, ते मागाहून सांगावे.

अपवादांपासूनही एक मोठी गोष्ट शिकतां येते. क्रिया तीच असली तरी तिला कर्म कसें जोडावयाचें, हें प्रत्येक भाषा आपल्यापुरतें ठरविते. आपण खोलींत शिरतों. इंग्रज मात्र 'एन्टर द रूम' म्हणतो, मध्यें 'इन' घालीत नाहीं. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतों. तो 'डिस्कस द मॅटर' म्हणतो, 'अबाउट' घालीत नाहीं. आपल्याकडे कोणाशीं तरी लग्न होतें; त्याच्याकडे 'मॅरी'ला 'विथ' लागत नाहीं. उलट आपण गाणें ऐकतों, तेथें त्यास 'लिसन'च्या पुढें 'टु' हवा. आपण पाहुण्यांची वाट पाहतों, तेथें त्यास 'वेट'च्या पुढें 'फॉर' हवा. मुलें येथें चुकतात, तेव्हां तीं निष्काळजी नसतात. तीं प्रामाणिकपणें मराठीची रीत इंग्रजीस लावीत असतात. रागावण्यापेक्षां दोन्ही रीती शेजारीं शेजारीं मांडून दाखविल्या, तर चूक पुन्हा सहसा होत नाहीं.

कित्येक इंग्रजी क्रियापदें एकाच रूपानें दोन्ही नातीं सांभाळतात. 'द ग्लास ब्रोक' म्हणजे कांच फुटली, आणि 'द बॉय ब्रोक द ग्लास' म्हणजे मुलानें कांच फोडली. मराठीनें येथें दोन शब्द ठेविले आहेत : फुटणें व फोडणें, तुटणें व तोडणें, पडणें व पाडणें, मरणें व मारणें. संस्कृतांतील 'पतति' व 'पातयति' हीच ती प्रयोजकाची तऱ्हा. इंग्रजींतही या तऱ्हेचे जुने अवशेष आहेत : 'फॉल' म्हणजे पडणें आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणें, 'सिट' म्हणजे बसणें आणि 'सेट' म्हणजे बसविणें, 'राइझ' म्हणजे उठणें आणि 'रेझ' म्हणजे उठविणें, 'लाय' म्हणजे आडवें पडणें आणि 'ले' म्हणजे आडवें ठेवणें. शेवटच्या जोडींत गंमत अशी कीं, 'लाय'चें भूतकाळचें रूपही 'ले' असेंच होतें. त्यामुळें जन्मानें इंग्रजी बोलणारे लोकही येथें नेहमीं अडखळतात.

या पहिल्या नात्याच्या आणखी दोन शाखा आहेत. 'शी गेव्ह मी अ बुक' यांत एक देण्याची वस्तु व एक घेणारा अशीं दोन कर्में आहेत, हें द्विकर्मक. आणि 'ही इज अ टीचर', 'द मिल्क टर्न्ड सावर', 'शी सीम्स टायर्ड' यांत क्रियापदापुढें शब्द आहे खरा, पण तें कर्म नव्हे. तो कर्त्याविषयींच कांहीं तरी सांगतो. असलें क्रियापद नुसतें जोडण्याचें काम करतें, म्हणून त्यास संयोजक म्हणावें. ओळखण्याची युक्ति अशी : क्रियापद काढून त्या जागीं 'इज' किंवा 'वॉज' घालून पाहावें. वाक्याचा अर्थ ढोबळ मानानें टिकला तर संयोजक.

आतां 'रन'कडे वळूं. 'द बॉय रन्स' यांत मुलगा धांवतो, अकर्मक. 'ही रन्स अ शॉप' यांत तो दुकान चालवितो, सकर्मक. 'द वेल रॅन ड्राय' यांत विहीर आटली, संयोजक. पत्रांतील मुलगा दोन निरनिराळीं उत्तरें देत होता, तीं दोन्ही बरोबर होतीं. प्रश्नच अपुरा होता. वाक्य दिल्यावांचून क्रियापदाचा प्रकार विचारणें म्हणजे समोर माणसें नसतांना 'काका' कोणाचा, असें विचारण्यासारखें आहे.

दुसरें नातें सोबत्याशीं. कांहीं क्रियापदें स्वतः अर्थ वाहतात. कांहीं दुसऱ्याचें ओझें उचलतात. पहिलीं मुख्य, दुसरीं साहाय्यक. 'बी', 'हॅव्ह' व 'डू' हीं तीन दोन्ही कामें करतात. 'आय हॅव्ह अ पेन' यांत 'हॅव्ह' घरधनी आहे. 'आय हॅव्ह लॉस्ट द पेन' यांत तें 'लॉस्ट'च्या मदतीस आलें आहे. 'डू'ची कामगिरी तर इंग्रजीची खास आहे. आपण 'जातो' यास 'नाहीं' जोडून मोकळे होतों. इंग्रजास 'ही गोज'चा नकार करावयाचा असला किंवा प्रश्न विचारावयाचा असला, तर 'डू'स हांक मारावी लागते : 'ही डझ नॉट गो', 'डझ ही गो?' पूर्वीं ही सक्ती नव्हती. १६११ सालीं छापलेल्या इंग्रजी बायबलांत मुख्य क्रियापदापुढें नुसता 'नॉट' ठेवण्याची जुनी रीत पानोपानीं आढळते. मुलें 'ही डझ नॉट गोज' असें लिहितात, त्यांस एवढेंच सांगावें कीं, कर्त्याची खूण असलेला तो 'एस्' मदतनिसानें एकदां उचलला म्हणजे घरधन्यानें पुन्हा उचलावयाचा नसतो.

याच नात्यांत 'कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट' हीं नऊ क्रियापदें येतात. यांस इंग्रजींत मोडल म्हणतात. आपण अर्थसूचक साहाय्यक म्हणूं. तीं तृतीयपुरुषीं 'एस्' घेत नाहींत आणि पुढें 'टु'ही खपवून घेत नाहींत. आपण जें काम 'शकणें', 'पाहिजे', 'लागणें' आणि 'करावें' यांसारख्या रूपांनीं करतों, तें इंग्रजी या नवांकडून करून घेते. भविष्यकाळासही इंग्रजीजवळ 'करीन' किंवा 'करिष्यति' यांसारखें स्वतंत्र प्रत्ययाचें रूप नाहीं. तें काम बहुधा 'विल'वर सोंपविलेलें असतें.

हीं नऊ क्रियापदें परीक्षेपुरतीं नाहींत, हें गृहिणींनीं व कर्त्या पुरुषांनीं ध्यानांत ठेवावें. औषधाच्या वेष्टनावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असें असतें. तेथें 'मे' म्हणजे परवानगी नव्हे. 'झोंप येण्याचा संभव आहे' असा त्याचा अर्थ. उलट 'यू मे गो' यांत तोच 'मे' परवानगी देतो. घराच्या भाडेपट्ट्यांत 'द टेनंट शॅल पे' असें असलें तर तें बंधन आहे. 'द टेनंट मे रिन्यू' असें असलें तर ती मुभा आहे. हा सर्वसाधारण संकेत झाला. संदर्भ पाहून न्यायालयांनीं 'मे'चाही अर्थ बंधनकारक केल्याचे प्रसंग आहेत. म्हणजे या चिमुकल्या शब्दांवर घरें व पैसे अवलंबून असतात. 'मस्ट'च्या बाबतींत मात्र मराठी मुलाची सोय आहे. 'यू मस्ट गो' म्हणजे तूं गेलेंच पाहिजेस, आणि 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरीं असला पाहिजे. एक आज्ञा, एक तर्क. आणि दोन्हींस आपला 'पाहिजे' पुरतो.

तिसरें नातें पूर्वजांशीं. 'वॉक'चें 'वॉक्ड' होतें, तें नियमित. 'सिंग, सँग, संग' हें अनियमित. अनियमित क्रियापदें सुमारें दोनशें आहेत, आणि मुलें तीं पाठ करतांना 'हा काय अन्याय?' असें म्हणतात. खरें पाहतां तीं भाषेंतलीं कुलीन घराणीं आहेत. प्रत्यय न लावितां धातूंतील स्वर पालटून काळ दाखविण्याची ती अति प्राचीन रीत आहे. संस्कृतांत 'भृ'चें 'भरति' होतें, 'बभार' होतें आणि 'भृत' होतें, तींत जी स्वरांची चढउतार आहे, तिचीच ही दूरची चुलतबहीण. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें प्रतिपादिलें. पुढें जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनीं अशा स्वर पालटणाऱ्या क्रियापदांस 'बलिष्ठ' व प्रत्यय घेणाऱ्यांस 'दुर्बल' अशीं नांवें दिलीं.

मुलास पुढील जोड्या सांगाव्या आणि त्याचा चेहरा पाहावा : 'बाइंड' आणि बन्ध्, 'बेअर' आणि भृ, 'नो' आणि ज्ञा, 'सिट' आणि सद्, 'स्टँड' आणि स्था, 'ईट' आणि अद्. 'बी' हें सर्वांत आडमुठें क्रियापद. पण त्यांत तीन निरनिराळे धातु एकत्र नांदत आहेत. 'ॲम' व 'इज' हे अस् धातूचे नातलग, 'बी' हा भू धातूचा, आणि 'वॉज' हा वस् म्हणजे राहणें या धातूचा. एका कामासाठीं दोन धातु एकत्र येण्याची रीत आपल्यासही नवी नाहीं. संस्कृतांत अस्-चें परोक्ष भूतकाळचें काम भू पाहतो. आणि 'गो'चें 'वेन्ट' कसें झालें म्हणून जो हंसतो, त्यास विचारावें कीं, 'जातो'चें 'गेला' कसें झालें? आपल्या 'जाणें'मागें या धातु आहे आणि 'गेला'मागें गम् धातूचें 'गत' आहे. इंग्रजानें 'वेन्ट' हें 'वेन्ड' या दुसऱ्या क्रियापदापासून उसनें आणलें आहे. दोघांचें घरगुती गुपित एकच.

आणखी एक खूण. जुनें, रोजच्या वापरांतलें क्रियापद अनियमित राहतें. नवें येणारें प्रत्येक क्रियापद मुकाट्यानें 'ईडी' लावून घेतें. 'फोन'चें 'फोन्ड' झालें, 'ईमेल'चें 'ईमेल्ड' झालें, 'गूगल'चेंही 'गूगल्ड' झालें. म्हणून अनियमितांची यादी वाढण्याची धास्ती मुलानें बाळगूं नये.

चौथें नातें कर्त्याशीं. संस्कृत शिकलेल्यास हें एका वाक्यांत सांगतां येईल : फायनाइट म्हणजे तिङन्त आणि नॉन-फायनाइट म्हणजे कृदन्त. जें रूप कर्त्यास व काळास बांधलेलें असतें आणि वाक्य पुरें करतें, तें तिङन्त. जें धातूपासूनच निघालें, परंतु नाम, विशेषण किंवा अव्यय होऊन बसलें, तें कृदन्त. 'टु गो' हें बहुधा आपल्या तुमन्तासारखें, 'गोइंग' हें विशेषण असतां शत्रन्तासारखें, 'गॉन' हें क्तान्तासारखें, आणि 'गोइंग' हेंच नाम असतां 'गमन' यासारखें. ज्यांस संस्कृत येत नाहीं त्यांनीं मराठी घ्यावी : 'जातो' हें वाक्य पुरें करतें, 'जाणें, जातांना, जाऊन, गेलेला' हीं पुरें करीत नाहींत.

'इंग'च्या या दुहेरी वेषामुळें गंमती होतात. 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेलें मूल. पण 'अ वॉकिंग स्टिक' म्हणजे चालणारी काठी नव्हे, चालण्यासाठीं घेतलेली काठी. 'रीडिंग रूम' ही कांहीं स्वतः वाचीत बसत नाहीं. मुलांस अशीं चार उदाहरणें देऊन 'यांतलें विशेषण कोणतें, नाम कोणतें?' असें विचारावें; तीं हंसत हंसत शिकतात. याच प्रकरणांत एक गंभीर नियम आहे. आपल्याकडे 'करून' या रूपाचा कर्ता आणि पुढील मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो. पाणिनीनेंही आपल्या 'क्त्वा' प्रत्ययास हाच निर्बंध घातला आहे. 'रस्त्यानें जाऊन साप चावला' असें कोणी म्हटलें तर साप रस्त्यानें गेला असा अर्थ होऊं लागतो, आणि आपले कान तात्काळ टोंचतात. इंग्रजींत 'वॉकिंग ऑन द रोड, अ स्नेक बिट हिम' असें लिहिणारा हीच चूक करतो. परंतु परकी भाषा असल्यामुळें कान टोंचत नाहींत इतकेंच. तें वाक्य मनांतल्या मनांत मराठींत करून पाहण्याची संवय लावावी.

पांचवें नातें काळाच्या प्रवाहाशीं. कांहीं क्रियापदें घडामोड सांगतात, कांहीं नुसती स्थिति सांगतात. 'रन', 'रीड', 'कुक' यांत कांहीं तरी चाललेलें असतें. म्हणून 'शी इज कुकिंग' म्हणतां येतें. 'नो', 'बिलाँग', 'ओन', आणि मालकीच्या अर्थी 'हॅव्ह' यांत कांहीं चाललेलें नसतें. म्हणून 'आय ॲम नोइंग' किंवा 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हें प्रमाण इंग्रजींत चालत नाहीं. आपल्या मुलांच्या तोंडीं हें वारंवार येतें, त्याचें एक कारण उघड दिसतें. आपण 'मला ठाऊक आहे', 'मला दोन भाऊ आहेत' असें म्हणतों. 'हॅव्ह' या अर्थाचें स्वतंत्र क्रियापद आपल्याकडे नाहीं, संस्कृतांतही 'मम द्वौ भ्रातरौ स्तः' अशीच रचना होते. प्रत्येक वाक्यांतील हा 'आहे' मुलाच्या कानांत घुमत असतो, आणि त्याच्यासाठीं तें इंग्रजींत 'ॲम' ठेवून देतें. मात्र 'वी आर हॅविंग लंच' हें शुद्ध आहे. कारण तेथें 'हॅव्ह' म्हणजे जेवणें, आणि जेवण चाललेलें असतें. नातें बदललें कीं नांव बदललें, हा आपला सिद्धांत येथेंही टिकतो. १९५७ सालीं झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञानें या नात्याचे आणखी बारीक भाग केले. स्थिति, नुसती चालू क्रिया, शेवट असलेली क्रिया आणि क्षणांत घडणारी घटना, असे चार वर्ग त्यानें मांडले. शाळकरी मुलास त्यांची गरज नाहीं. पण महाविद्यालयांत गेलेल्या भावंडांनीं ते पाहावे.

आतां मूळ पत्राकडे येऊं. 'ही रन्स अ शॉप' हें वाक्य मुलापुढें ठेवावें आणि 'रन्स'चीं पांचही नातीं त्याजकडून वदवून घ्यावीं. कर्माशीं? 'शॉप' हें कर्म आहे, सकर्मक. सोबत्याशीं? सोबती नाहीं, तेंच घरधनी, मुख्य. पूर्वजांशीं? 'रन, रॅन, रन', अनियमित. कर्त्याशीं? 'ही'साठीं 'एस्' घेतला आहे, तिङन्त. काळाशीं? 'ही इज रनिंग अ शॉप' म्हणतां येतें, घडामोडीचें. पांच प्रश्न, पांच उत्तरें, आणि एकही दुसऱ्यास खोटें पाडीत नाहीं. रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर दहा मिनिटें, वर्तमानपत्रांतील एक इंग्रजी वाक्य, आणि त्यांतील एक क्रियापद. याहून अधिक नको. महिन्याच्या अखेरीस वही पुन्हा उघडावी. बारा नांवें तींच असतील, पण आतां तीं ओळखीचीं झालेलीं असतील.

घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांनीं मराठीचें व्याकरण लिहिलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाची घडण त्यांच्या डोळ्यांपुढें होती. पुढें १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्या काळीं मराठी व्याकरणास इंग्रजीचा आधार मिळाला. आज अनेक घरांतील मुलें इंग्रजी माध्यमांत शिकतात. २०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला असला, तरी सकर्मक व अकर्मक हे शब्द कित्येक मुलांच्या कानांवर क्वचितच पडतात. आतां मराठीनें व संस्कृतानें इंग्रजीस आधार देण्याची पाळी आहे, आणि तो आधार देणारीं माणसें शाळेपेक्षां घरांतच अधिक आहेत. आजोबांस धातुरूपावली येते, आजीस म्हणी व जुने शब्द येतात, सुनेस आजचें इंग्रजी येतें. तिघांनीं एकत्र बसून एक वाक्य उलगडलें, तर मुलास केवळ इंग्रजी येईल असें नव्हे. आपल्या घरची भाषा ही अडगळ नसून किल्ली आहे, हेंही त्यास कळेल. 'पुढें आपोआप कळेल' असें म्हणून जी किल्ली आपण खुंटीस टांगून ठेवतों, ती मुलाच्या हातांत वेळेवर देणें हेंच वडिलांचें काम.

पुढील अंकीं, क्रियापदामागें 'अप', 'आउट', 'ऑफ' असे लहान शब्द लागून अर्थ कसा पालटतो, आणि आपल्या उपसर्गांशीं त्याचें साम्य कितपत आहे, याचा विचार करूं. वाचकांनीं आपल्या घरच्या मुलांचे प्रश्न अवश्य पाठवावे. मूल जितकें लहान, तितका प्रश्न बहुधा मोठा असतो.